‘लिंक नाही’ या पाटीमागे : राउटरचे कार्ड कसे निवडावे व कसे बसवावे



बँकेच्या खिडकीवर ‘लिंक नाही’ अशी पुठ्ठ्याची पाटी आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली आहे. पेन्शनसाठी सकाळपासून उभे असलेले वृद्ध गृहस्थ ती वाचतात, पासबुक निमूटपणे पिशवीत घालतात आणि घरी परततात. लिंक म्हणजे काय, ती कुठे असते, ती नसते तेव्हा नेमके काय नसते, हे कोणी विचारीत नाही व कोणी सांगतही नाही. पाऊस आला नाही, तशी लिंक आली नाही. दैवाधीन गोष्टींच्या यादीत आपण आणखी एकीची भर घातली आहे, एवढेच.

परंतु लिंक माणसांनी घातलेली व माणसांनी राखलेली असते. तिच्या टोकाला राउटर नावाचे एक लोखंडी खोके असते, आणि पुष्कळदा त्या खोक्यात तळहाताएवढे एक कार्ड असते. ते कार्ड चुकीचे निवडले किंवा वाईट बसवले, तर बाहेरची तार कितीही चांगली असली तरी खिडकीवर पाटी लागते. ते कार्ड कसे निवडावे आणि कसे बसवावे, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान खरा; परंतु त्यातून एका माणसाच्या पगाराचा प्रश्न उभा राहिलेला आम्ही पाहिला, म्हणून आम्हांला तो लहान वाटत नाही.

प्रथम आमच्या अधिकाराविषयी. आम्ही इंजिनिअर नाही. शाळा दहावीपाशी सुटली. विशीत टेलिफोनच्या केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीत होतो. पुढे तसल्याच कंत्राटी कामगारांच्या संघटनेचे काम अंगावर पडले, ते आजतागायत. या कामात एक गोष्ट लवकर कळते. समोरच्या माणसाला जे कळते ते आपल्याला कळत नसेल, तर बोलणी करायला बसण्यात अर्थ नसतो. गिरणीतल्या पुढाऱ्याला साचा कळावा लागे. तसा आम्हांला राउटर समजून घ्यावा लागला. जे शिकलो ते सभासदांकडून, कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतून आणि सार्वजनिक वाचनालयात शब्दकोश शेजारी ठेवून. कुठे चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

राउटर म्हणजे जंक्शन

आपणांतील वडीलधाऱ्यांना जुने मिरज जंक्शन आठवत असेल. एके काळी तिथे तीन मापांचे रूळ येत : १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, १,००० मिलिमीटरचा मीटरगेज आणि बार्शी लाइटचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. कोल्हापूरची गुळाची ढेप ब्रॉडगेजने मिरजेला आली आणि तिला पंढरपूरला जायचे असले, तर तोच डबा पुढे जात नसे. ढेप उतरवावी लागे आणि नॅरोगेजच्या डब्यात चढवावी लागे. गूळ तोच, पत्ता तोच. फक्त रुळाचे माप बदले.

राउटर हे असेच जंक्शन आहे. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत बांधलेला असतो आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. राउटर तो पत्ता वाचतो आणि पाकीट कोणत्या वाटेने लावायचे ते ठरवतो. ही झाली स्टेशनमास्तरची अक्कल. परंतु प्रत्येक वाटेचे माप निराळे असते. कचेरीतली इथरनेटची तार एका जातीची, टेलिफोन कंपनीची भाड्याची तार दुसऱ्या जातीची, काचतंतूची तिसऱ्या. विजेचा दाब निराळा, वेग निराळा, बोलण्याची शिस्त निराळी. ज्या मापाचा रूळ येतो त्या मापाचा फलाट बांधावा लागतो. तो फलाट म्हणजे इंटरफेस कार्ड. अक्कल खोक्याची, फलाट कार्डाचा, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते.

ही अडचण आजची नव्हे. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट या जाळ्याची पहिली चार ठाणी उभी राहिली, तेव्हा चारही ठिकाणचे संगणक निरनिराळ्या बनावटीचे होते. पाकिटे हाताळणारे यंत्र सर्वांना एकच दिले गेले; परंतु त्या यंत्राला आपला संगणक जोडणारा दुवा ज्या त्या ठाण्याने स्वतः तयार करायचा होता. आजचे कार्ड हा त्याच दुव्याचा वंशज आहे. फरक इतकाच की तो आता कारखान्यात तयार होतो आणि खोक्याच्या पाठीमागच्या स्लॉटमध्ये सरकवता येतो.

ज्या राउटरला असे मोकळे स्लॉट असतात त्याला मॉड्युलर म्हणतात. सिस्को कंपनीचा २८११ हा राउटर उदाहरणादाखल घेऊ. या मालिकेतली खोकी २००४ साली बाजारात आली. त्याला इथरनेटची दोन तोंडे कायमची दिलेली असतात. शिवाय लहान कार्डांसाठी चार स्लॉट आणि मोठ्या कार्डासाठी एक. तार बदलली की खोके फेकून द्यावे लागत नाही, कार्ड बदलले की भागते. काटकसरीच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे. मात्र तिच्यामुळे एक नवी जबाबदारी उत्पन्न झाली. ‘कोणते कार्ड?’ हा प्रश्न आता गिऱ्हाइकाच्या पदरात येऊन पडला.

एका कार्डाची गोष्ट

२००९ सालची हकीकत आहे. एका आर्थिक संस्थेने आपल्या तालुक्याच्या शाखेसाठी २ मेगाबिटची भाड्याची तार घेतली. संस्थेचे नाव सांगत नाही आणि खोके कोणत्या कंपनीचे तेही सांगत नाही, कारण दोष खोक्याचा नव्हता. जुनी ६४ किलोबिटची तार चालू होती, पण अपुरी पडे. राउटरमध्ये एक स्लॉट मोकळा होता. मुख्य कचेरीतून कार्ड आले आणि ते बसवण्यासाठी कंत्राटदाराने आमचा एक सभासद पाठवला. वय २२, आयटीआय झालेला, पगार महिना ५,५०० रुपये.

त्याने कार्ड बसवले. दिवा काही हिरवा होईना. तार काढून त्याने चाचणीचा खुंटा लावला. हा खुंटा कार्डाचे बोलणे कार्डालाच परत ऐकवतो. दिवा हिरवा झाला. पुन्हा तार लावली, पुन्हा दिवा गेला. शाखेचे साहेब म्हणाले, “कार्ड चांगलं आहे हे तूच दाखवलंस. मग तुझ्याच हाताला काय झालंय? काढ आणि नीट बसव.” तो म्हणाला, “राउटर बंद करावा लागेल, साहेब.” उत्तर आले, “खिडकीवर गर्दी आहे. बंद करता येणार नाही.”

त्याने चालू राउटरमधून कार्ड दोनदा काढले आणि दोनदा घातले. तिसऱ्या खेपेस राउटरच बंद पडला. दुसऱ्या दिवशी बदली राउटर आला. त्यातही ते कार्ड ओळखले जाईना. खिडकीवर पाटी लागली. महिनाअखेरीस आमच्या सभासदाच्या पगारातून १,५०० रुपये कापले गेले. कार्डाची किंमत १८,००० रुपये, म्हणून असे १२ हप्ते.

तो रात्री आमच्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, मी कार्ड जाळलं का?” आम्हांला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच आम्ही हा विषय शिकलो. आता तो आपणांपुढे क्रमाने मांडतो. उत्तर आपोआप वाटेत भेटेल.

निवड : विचारावयाचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न : पलीकडून येणारी तार कोणत्या मापाची आहे?

टेलिफोनवरील आवाज अंकांत बदलताना तो सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. भाड्याच्या तारेचे ‘६४ किलोबिट’ हे माप इथून आले. अशा अनेक वाटा एकत्र बांधून मोठी तार केली जाते. युरोपात आणि भारतात ३२ वाटांची मोळी बांधतात : ३२ गुणिले ६४,००० म्हणजे २०,४८,००० बिट. हिला ई-वन म्हणतात, आणि आपण जिला ‘२ मेगाबिटची तार’ म्हणतो ती हीच. अमेरिकेत मोळी २४ वाटांची असते : २४ गुणिले ६४,००० म्हणजे १५,३६,०००, त्यात शिस्तीचे ८,००० बिट मिळवले की १५,४४,००० होतात. हिला टी-वन म्हणतात.

एकीचे कार्ड दुसरीच्या तारेवर चालत नाही. मीटरगेजची गाडी ब्रॉडगेजच्या रुळांवर चढणार कशी? काही कार्डे दोन्ही मापांत वळवता येतात, काही मात्र एकाच मापाची असतात. आमच्या सभासदाच्या हाती आलेले कार्ड केवळ टी-वनचे होते. अमेरिकेत वापरून काढलेले कार्ड तिथून स्वस्तात आले होते आणि त्याच्या नावातच ‘टी-वन’ ही अक्षरे स्पष्ट छापलेली होती. चाचणीच्या खुंट्यावर दिवा हिरवा का झाला, तेही आता कळेल. खुंट्यावर कार्ड स्वतःशीच बोलत होते आणि स्वतःची भाषा प्रत्येकाला समजते. खुंट्याच्या चाचणीने कार्ड जिवंत आहे एवढे सिद्ध होते. ते या तारेसाठी आहे हे सिद्ध होत नाही.

तारेचे माप ठरल्यावर तिचे टोक पाहावे. ई-वन दोन रूपांनी येते : पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर १२० ओहमची, किंवा टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलवर ७५ ओहमची. एका रूपाचे टोक दुसऱ्या रूपाच्या कार्डाला लावायचे तर मध्ये बालून नावाचा लहानसा जोड लागतो. तार मोडेममार्गे येत असेल, तर सिरियल जातीचे कार्ड आणि त्याची खास केबल हवी. सिस्कोच्या एकतोंडी सिरियल कार्डाला ६० पिनांचे टोक असते आणि दुतोंडीला २६ पिनांचे. एकाची केबल दुसऱ्याला बसत नाही. म्हणून कार्डाची मागणी लिहिताना त्याच ओळीखाली केबलची मागणी लिहावी. कार्ड आले आणि केबल नाही, म्हणून माणसे पन्नास मैल जाऊन हात हलवीत परतल्याची उदाहरणे आमच्या संघटनेत कितीतरी आहेत.

दुसरा प्रश्न : स्लॉट कोणता आणि तो मोकळा आहे का?

सर्व स्लॉट सारखे दिसले तरी सारखे नसतात. सिस्कोच्याच लहान कार्डांच्या पिढ्या पाहा. पहिली पिढी ‘विक’. २००४ च्या मालिकेबरोबर ‘एच-विक’ आली. २००९ च्या २९०० या मालिकेबरोबर ‘ई-एच-विक’. आणि २०१३ पासूनच्या ४००० या मालिकेत ‘निम’. सामान्य नियम असा की नव्या स्लॉटमध्ये मागच्या पिढीची बहुतेक कार्डे चालतात, परंतु जुन्या स्लॉटमध्ये पुढच्या पिढीचे कार्ड चालत नाही. ‘निम’ने मात्र मागचा धागाच तोडला. तिच्या स्लॉटमध्ये ‘विक’ कुळातले एकही कार्ड जात नाही. शिवाय काही कार्डे दुप्पट रुंद असतात. त्यांना शेजारशेजारचे दोन स्लॉट लागतात आणि मधली पट्टी काढावी लागते. म्हणून कार्डाची मागणी करण्यापूर्वी एका माणसाने जागेवर जाऊन खोक्याची पाठ डोळ्यांनी पाहावी. हे काम मुख्य कचेरीत बसून होत नाही.

तिसरा प्रश्न : खोक्यातील आज्ञावलीला हे कार्ड ओळखता येते का?

राउटर म्हणजे लोखंड अधिक आज्ञावली. आज्ञावली कार्डापेक्षा जुनी असेल, तर कार्ड नीट बसूनही राउटरच्या लेखी ते नसतेच. ‘शो व्हर्जन’ अशी आज्ञा दिली की आज्ञावलीची आवृत्ती व स्मृतीचा साठा कळतो. कोणत्या कार्डाला किमान कोणती आवृत्ती लागते, हे कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. टेलिफोनच्या आवाजासाठी कार्ड घ्यायचे असेल, तर आवाजाचे अंक करणाऱ्या खास चिपा खोक्यात आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते.

चौथा प्रश्न : खोक्याला तेवढा भार पेलतो का?

फलाट मोठा बांधला म्हणून स्टेशनमास्तरचे हात वाढत नाहीत. २८११ साठी १,००० मेगाबिटचे कार्ड मिळत असे आणि ते त्यात बसेही. परंतु कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे तो राउटर सेकंदाला १,२०,००० पाकिटे हाताळतो. सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटांची पाकिटे धरली, तर हा हिशेब सुमारे ६१ मेगाबिटांवर येतो. पाकिटे मोठी असली तर आकडा वाढतो हे खरे. तथापि १,००० मेगाबिटांचे कार्ड घातले म्हणून राउटर तितका वेगवान झाला, असे समजणे ही गिऱ्हाइकाने स्वतःची केलेली फसवणूक होय.

पाचवा प्रश्न : कार्ड खरे आहे का, आणि त्याच्या मागे कोण उभे आहे?

२८०० मालिकेची विक्री २०११ साली थांबली आणि कंपनीचा आधार २०१६ साली संपला. २९०० मालिकेची विक्री २०१७ साली थांबली, आधार २०२२ साली संपला. अशा खोक्यांसाठी आज मिळते ते कार्ड बहुधा वापरलेले असते. वापरलेले कार्ड घेणे हा गुन्हा नाही. आमच्या घरची शिलाईची मशीनसुद्धा जुन्या बाजारातली आहे. परंतु याच बाजारात बनावट मालही फिरतो. २००८ साली अमेरिकन सरकारने जाहीर केले की बनावट सिस्को माल पकडण्याच्या मोहिमेत ४०० हून अधिक जप्त्या झाल्या असून त्या मालाची किंमत ७ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक आहे. म्हणून कार्डावरच्या चिकटपट्टीवरील क्रमांक आणि ‘शो इन्व्हेंटरी’ या आज्ञेने पडद्यावर येणारा क्रमांक जुळतो का, हे पाहावे. आणि बिल व परत घेण्याची हमी लेखी घ्यावी.

हे पाच प्रश्न झाल्यावर एक सहावा उरतो, आणि तो खरे म्हणजे पहिला हवा : कार्ड लागतेच का? अलीकडे बहुतेक ठिकाणी सेवा देणारी कंपनी काचतंतू दारापर्यंत आणते आणि शेवटचे टोक साध्या इथरनेटचे देते. ते राउटरच्या कायमच्या तोंडात सरळ जाते. कार्डाचा खर्च वाचतो. ई-वनची कार्डे त्यामुळे मागे पडत चालली आहेत. परंतु म्हणून आमची गोष्ट शिळी झाली असे समजू नका. मुख्य तार तुटली तर मोबाइलच्या ४जी जाळ्यावरून काम चालावे, अशी कार्डे आज घेतली जातात. त्यांच्याही निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळ्या आवृत्त्या असतात, कारण देशोदेशीच्या लहरींचे पट्टे वेगळे. परदेशी पट्ट्यांचे कार्ड स्वस्तात आणले, तर २००९ सालचीच गोष्ट नव्या नावाने घडेल.

बसवणी : घाई करावयाची नाही

कार्ड योग्य आहे अशी खात्री झाल्यावर बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. परंतु त्या अर्ध्या तासापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. राउटरची चालू मांडणी जपून ठेवावी आणि तिची एक प्रत बाहेर काढून घ्यावी. दुसरे, राउटर बंद ठेवण्याची वेळ लेखी ठरवून घ्यावी : कोणत्या वारी, किती ते किती, कोणाच्या संमतीने. खिडकी बंद झाल्यावरची संध्याकाळ सर्वांत चांगली.

मग राउटर बंद करावा व विजेची दोर काढावी. २८०० मालिकेतील या लहान कार्डांसाठी दुसरा मार्गच नाही. चालू यंत्रात ती घालता-काढता येत नाहीत, असे पुस्तिकेतच सांगितलेले असते. ४००० मालिकेतील ‘निम’ चालू यंत्रातही बदलता येते. मात्र तिथेही आधी आज्ञा देऊन त्या कार्डाचे काम थांबवावे लागते, मगच हात लावायचा. ‘चालू यंत्रात बदलता येते’ याचा अर्थ ‘कधीही ओढून काढता येते’ असा कोणी करू नये.

कार्डाला हात लावण्यापूर्वी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर वीज साठते. दाराच्या कडीला हात लावताच जो चटका बसतो, त्या वेळी तिचा दाब दोनतीन हजार व्होल्टांच्या घरात असतो. कार्डावरील नाजूक भाग त्याहून फार कमी दाबाने दुखावतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवत नाही आणि कार्ड मात्र मेलेले असते. पावसाळ्यात हा धोका कमी, आताच्या वैशाखात अधिक. पट्ट्याचे टोक खोक्याच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. परंतु विजेची दोर काढली की दोरीतून येणारी अर्थिंगही जाते, म्हणून खोक्याला स्वतंत्र अर्थिंगची तार आहे की नाही, हे आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती तार नसते. अशा वेळी पट्टा म्हणजे मनगटाला बांधलेला गंडाच.

स्लॉटवरची झाकणपट्टी काढून जपून ठेवावी. कार्ड कडांना धरावे. चिपांना व सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. दोन्ही बाजूंच्या खाचांत कडा बसवून ते सरळ आत सरकवावे. शेवटी थोडा जोर लागतो, तो दोन्ही अंगठ्यांनी सारखा द्यावा. कार्डाचा पुढचा पत्रा खोक्याच्या पाठीला सपाट टेकला म्हणजे ते बसले. टेकत नसेल तर स्क्रू आवळून टेकवू नये. बाहेर काढून पुन्हा सरळ घालावे. मग दोन्ही स्क्रू लहान स्क्रूड्रायव्हरने आवळावेत. उरलेल्या मोकळ्या स्लॉटांच्या झाकणपट्ट्या जागच्या जागी हव्यात. त्या शोभेसाठी नसतात; त्या नसल्या तर पंख्याची हवा भलत्या वाटेने निघून जाते आणि खोके तापते. काचतंतूचे कार्ड असेल, तर त्याच्या तोंडात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

आता केबल लावून राउटर चालू करावा. ‘शो इन्व्हेंटरी’ने कार्ड ओळखले गेले का ते पाहावे. नवे तोंड राउटर सामान्यतः बंद ठेवतो. ‘नो शटडाऊन’ ही आज्ञा देऊन ते उघडावे लागते. हे विसरून कार्ड परत पाठवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. तोंडाच्या नावात स्लॉटचा क्रमांक असतो. म्हणून कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवले तर नाव बदलते आणि जुनी मांडणी त्याला लागू पडत नाही. सर्व चालू झाले की मांडणी पुन्हा जपून ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की सारे श्रम पाण्यात. शेवटी केबलला चिठ्ठी बांधावी. आपल्यानंतर येणारा माणूस आपलाच भाऊ असतो.

उत्तर

त्या मुलाच्या प्रकरणात आम्ही तीन कागद गोळा केले. पहिला, टेलिफोन कंपनीचे पत्र. त्यात तार ई-वन आहे असे लिहिलेले. दुसरा, कार्डाच्या खरेदीचा आदेश; त्यात कार्ड टी-वनचे आहे असे लिहिलेले, खाली मुख्य कचेरीची सही. तिसरा, राउटरच्या पुस्तिकेचे पान. कार्ड काढण्यापूर्वी यंत्र बंद करा, असे त्यात स्पष्ट. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतनाच्या कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागे. ती दिलेली नव्हती. आम्ही ती मागितली आणि तीन कागद टेबलावर ठेवले. ‘करून गेला गाव आणि कांदळकराचे नाव’ अशी म्हण कोकणात आहे. ती त्या दिवशी आमच्या तोंडावर आली होती, पण आम्ही बोललो नाही. कागद पुरेसे होते. तोवर कापलेले ४,५०० रुपये परत मिळाले व उरलेले हप्ते रद्द झाले.

परंतु उठता उठता तिथल्या एका अधिकाऱ्याने विचारले, “कार्डावर टी-वन लिहिलं होतं, तर तुमच्या माणसाने पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?” प्रश्न टोचला, कारण तो रास्त होता. त्याला ते वाचता येत नव्हते. कंत्राटदाराने शिकवले नव्हते. आणि आम्हीही शिकवले नव्हते. आम्ही त्याला प्रॉव्हिडंट फंड शिकवला होता, ओव्हरटाइम शिकवला होता. ज्या वस्तूवर त्याचा हात रोज पडतो, ती वाचायला शिकवले नव्हते. त्यानंतर आमच्या कचेरीत रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला. पहिल्या तासाला मोडकी कार्डे पोरांच्या हाती देतो आणि त्यांवरचे नाव मोठ्याने वाचायला लावतो.

आमच्या सभासदाला आम्ही उत्तर दिले ते असे : “कार्ड तुझ्या हातून जळलं, हे खरं. चालू यंत्रात हात घालायला तू नको म्हणायला हवं होतंस. पण ते कार्ड जळण्यापूर्वीही त्या तारेवर चालणार नव्हतं. ती चूक तुझी नव्हती आणि तिचे १८,००० तू देणं लागत नाहीस.” आमच्या अनुभवात बसवणीतल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या बहुतेक चुका निवडीतच झालेल्या असतात. निवड सहीने होते, बसवणी हाताने होते. आणि जाब मात्र नेहमी हाताला विचारला जातो.

यावर आमचा उपाय साधा आहे. कार्ड मागवण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : तार कोणती, स्लॉट कोणता, आज्ञावली कोणती, भार किती, माल कोणाचा. खाली निवडणाऱ्याची सही घ्यावी आणि तो कागद कार्डाबरोबर बसवणाऱ्याच्या हाती द्यावा. सहाव्या ओळीत यंत्र बंद ठेवण्याची वेळ लिहावी. आपणांपैकी कोणी बँकेत, पतपेढीत, इस्पितळात, नगरपालिकेत अधिकारावर असतील. त्यांनी हा कागद उद्यापासून सुरू करावा. आणि जे खिडकीच्या अलीकडे उभे असतात, त्यांनी ‘लिंक नाही’ ही पाटी दिसली की निमूटपणे परतण्यापूर्वी एकदा विचारावे, ‘काय बिघडले आहे आणि कोण पाहत आहे?’ विचारणारे वाढले म्हणजे पाट्या कमी होतात, असा आमचा अनुभव आहे.